काळ्या लाकडातली भेग

कारंज्याच्या स्टेशनात आता गाडी येत नाही. रुळांच्या मधून गवत वर आलंय आणि तिकीटघराच्या खिडकीला कुणीतरी पत्रा ठोकलाय. चुलतभावाच्या नातीच्या लग्नाला म्हणून मी आले होते. मांडवात भिंतीएवढ्या काळ्या पेट्या लावल्या होत्या. त्यांतला आवाज कानात न शिरता सरळ छातीवर आदळायचा. बसवेना म्हणून ऑटो केला आणि चालवणाऱ्या पोराला म्हटलं, स्टेशनाकडे घे. त्याला वाटलं म्हातारीला वाट सापडत नाही. "आजी, गाडी बंद हाय ना तिथली," तो म्हणाला. मी म्हटलं, ठाऊक आहे, तरी घे.

फलाटाच्या बाकावर बसलं की रुळांच्या पलीकडे आमचं घर दिसायचं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून कडुनिंब. आता तिथे सोयाबीनचं गोदाम आहे. पण चैत्र सरत आला की कडुनिंबाच्या मोहोराचा तो कडसर गोड वास अजून कुठूनतरी येतो. आजही आला. आणि त्या वासाच्या मागोमाग मला नानाचा सकाळचा रियाज ऐकू आला.

नाना माझा थोरला भाऊ. लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. बाबा तेच वाजवायचे, आणि बाबांनी ते वाद्य घेतलं होतं कारंज्यात मुक्कामाला येऊन इथेच मोडलेल्या एका नाटक मंडळीकडून. काळंभोर लाकूड, त्यावर रुप्यासारख्या चकचकीत चाव्या. डबीच्या आत जांभळी मखमल होती, कडांना झिजून पांढरी पडलेली. डबी उघडली की मखमलीचा, जवसाच्या तेलाचा आणि माणसाच्या तोंडाच्या वाफेचा असा एक मिळून वास यायचा. आईबाबा गेल्यावर घरात बाबांचं म्हणून जे काही उरलं, ते त्या वासात होतं.

मी तेव्हा विशीच्या आत होते. मानोऱ्याकडच्या एका गावात माझं लग्न झालं होतं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत मी रिकामं कपाळ घेऊन नानाकडे परत आले होते. नानानं मला काही विचारलं नाही. छकड्यातून ट्रंक उतरवली, आत नेऊन ठेवली आणि म्हणाला, "बाई, च्या ठेव." तेवढंच. नाना फार बोलणारा नव्हताच. पण सकाळी तो ओट्यावर बसून सूर धरायचा, तेव्हा मी आत चुलीपुढे बसून ऐकायची. खालचे सूर जाड, घोगरे, थोरल्या माणसानं समजूत घालावी तसे. वरचे सूर पातळ, थेट. घरात आम्ही दोघंच होतो, पण तो वाजवत असला की तिसरं कुणी घरात आहे असं वाटायचं. दिवसभर मग मी गोधड्या शिवायची. गल्लीतल्या बायका जुनी लुगडी आणून टाकायच्या, आणि बोलायच्या ते लुगड्यांकडे बघून.

त्या वर्षी वैशाख फार तापला. मंगरूळपीरला एक मोठी वरात होती. भर उन्हातून वाजवत गेलेला नाना संध्याकाळी घरी आला आणि डबी माझ्यापुढे ठेवून नुसता उभा राहिला.

"फुटलं," तो म्हणाला.

मी डबी उघडली. वरच्या तुकड्याला, चाव्यांच्या मधोमध, केसाएवढी भेग गेली होती. बोट फिरवलं तर लागायचीही नाही. पण त्या केसातून सगळी हवा निघून जायची आणि सुराच्या जागी नुसता फुसकारा यायचा.

बँडचे मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी नानाला सांगितलं, "पावसाचं पानी लागेपावतो तुयी वाट पायतो, नारायन. मंग मले दुसरा गडी आनाच लागन." दुसरा गडी आला की नानाला कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जावं लागलं असतं, आमच्या गल्लीतले सगळेच जायचे तसं. नाना जिनात राबायला भीत नव्हता. पण रुईची ती बारीक भुकटी एकदा छातीत बसली की फुंकर जाते. मग वाद्य दुरुस्त होऊनही उपयोग नाही. हे तो बोलला नाही. जिनाचा भोंगा वाजला की तो ओट्यावरून उठून आत यायचा, त्यावरून मला कळायचं.

आधी सुताराकडे गेलो. त्यानं भेगेत लाख वितळवून भरली. लाख जळल्याचा गोड धुरकट वास घरभर झाला. नानानं भीतभीत फुंकलं, खालचे सूर आले, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वरचा पहिला सूर धरला आणि लाखेचा तुकडा टपकन खाली पडला. मग सोनार झाला. त्यानं तारेचं कडं आवळलं, तर भेग कड्याच्या खालून पुढे सरकली. अमरावतीला बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा एक जण होता. त्यानं वाद्य हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. म्हणाला, "हे माह्यं काम नाई बावा. मी हात लावला त होतं थेबी जाईन. कामठीच्या छावनीत एक म्हातारा होता. गोऱ्यायच्या बँडचे बाजे तोच करे. हाय का गेला, सांगता येत नाई."

हाय का गेला, एवढ्यावर आम्ही निघालो. मला एकटीला घरी ठेवायचं कसं, म्हणून नानानं मलाही बरोबर घेतलं. ती लहान गाडी कारंज्याहून मूर्तिजापूरला जायची. वाटेत कुठेही थांबायची. ड्रायव्हर ओळखीच्या माणसाशी बोलायचा, कुणी उतरून चिंचा पाडून आणायचं. गाडीभर कापसाचे तंतू उडत असायचे आणि उन्हात चमकायचे. नाना डबी मांडीवर घेऊन बसला होता, आजारी पोराला घेऊन बसावं तसा. मूर्तिजापूरला मोठी गाडी, मग नागपूर, मग कामठी.

म्हातारा होता. रहमतमास्तर. कौलारू घराच्या पडवीत खाटेवर बसलेला, पांढरी दाढी, कानावर अर्धवट विझवलेली बिडी. त्यांची बायको पलीकडे तांदूळ निवडत होती. नानानं डबी उघडली तसे मास्तर पुढे वाकले. मग त्यांनी ते काळं लाकूड उचललं, नाकाशी नेलं आणि वास घेतला.

"इसको किसी ने प्यार से रखा है," ते म्हणाले.

"दुरुस्त होईल का?" नानानं विचारलं.

मास्तरांनी नुसते दोन्ही हात पुढे धरले. हात थरथरत होते, भरल्या परातीतलं पाणी थरथरावं तसे. "आज तू आया. आठ-दस साल पहले आता, तो शाम तक हो जाता. अब मेरे हात से चाय भी छलकती है, बेटा."

नाना खाली मान घालून बसला. वाद्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर सूत गुंडाळलेलं असतं, हवा जाऊ नये म्हणून. ते सूत सुटून लोंबत होतं. माझ्यानं रिकामं बसवत नाही. मी तो तुकडा जवळ घेतला आणि सूत उलगडून पुन्हा गुंडाळायला लागले, गोधडीचा दोरा ओढतात तसं, एकाला एक लागून, घट्ट. शेवट आत खोचला आणि तुकडा खाली ठेवला. तेव्हा ध्यानात आलं की मास्तर माझ्या हातांकडे बघताहेत.

"ये किसने सिखाया?"

"कोनी नाई. गोधड्या शिवतो मी," मी म्हटलं.

त्यांनी तो सांधा दुसऱ्या तुकड्यात बसवून पाहिला. फिरवला. मग बायकोला म्हणाले, "इनके लिए पीछे का कमरा खोल दो." आणि नानाला म्हणाले, "काम होगा. इसके हात से होगा."

"बाईच्या हातानं?" नाना म्हणाला.

"तेरे हात देखे मैंने. तू बजा, बस."

मागच्या खोलीत आम्ही राहिलो. चाचींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मला वेगळी चूल मांडून दिली, वेगळं पातेलं दिलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या चुलीवरचं वरण निमूटपणे आमच्या ताटात वाढलं. आम्हीही निमूटपणे जेवलो. सकाळी उठलं की पडवीत चटई. मास्तर खाटेवर, मी खाली. तशाच काळ्या लाकडाच्या एका मोडक्या तुकड्याची मी कानशीनं भुकटी करायची, काजळासारखी बारीक. ती चपड्यात, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेत, कालवायची. भेग आधी आणखी रुंद करायची, हे ऐकून मी घाबरले होते. "डर मत. जख्म साफ किए बिना भरता है क्या?" मास्तर म्हणायचे. मग भुकटी भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा भरायची. चाव्यांच्या खालच्या गाद्या कोकराच्या मऊ कातड्याच्या करायच्या. मोडक्या स्प्रिंगच्या जागी शिवणाची सुई तापवून, निळी पडेपर्यंत, मग तोडून बसवायची. गादीखाली बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद सरकवायचा आणि चावी दाबून ओढून बघायचा. हवा जात नाही हे कळायला कागद अडला पाहिजे, फाटला नाही पाहिजे.

मास्तर रागवायचे फार. शाबासकी कधी दिली नाही. पण मी काम करत असताना ते बोलायचे थांबून बघत राहायचे, आणि त्यांच्या मांडीवरचे हात माझ्या हातांबरोबर किंचित हलायचे. मानोऱ्याहून परत आल्यापासून प्रत्येक जण आधी माझ्या कपाळाकडे बघायचा. कामठीच्या त्या पडवीत माझ्या कपाळाकडे कुणी पाहिलं नाही. सगळे माझ्या हातांकडे बघत होते. तेवढ्यावर मी पुष्कळ वर्षं काढली आहेत.

निघताना चाचींनी डोळ्याला पदर लावला. मास्तरांनी एक कापडी गुंडाळी माझ्याकडे दिली. त्यांची हत्यारं होती. "मेरे पास पडी रहेंगी, जंग खाएंगी," ते म्हणाले आणि बिडी पेटवायला लागले. काडी तीनदा विझली. मी पेटवून दिली.

पाऊस लागायच्या आत आम्ही कारंज्याला परतलो आणि भेग पुन्हा गेली नाही. भाद्रपदात जैन मंदिराची रथयात्रा निघाली तेव्हा बँडच्या पुढे नाना होता. माझ्यासारखीनं मिरवणुकीच्या समोर येऊ नये अशी रीत, म्हणून मी ओट्याच्या भिंतीआड उभी होते. गुलाल दिसला नाही, रथ दिसला नाही. पण नानानं वरचा सूर धरला, तो रस्त्यावरच्या सगळ्या गलक्याच्या वरून सरळ आला. मी भेग भरलेल्या लाकडातून आला. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि पदर तोंडात धरून रडले. तसं सुखानं मी त्याआधीही रडले नव्हते आणि नंतरही.

मग वाद्यं यायला लागली. वाशिमची, रिसोडची, पुसदची. कुठल्याशा बँडवाल्यानं नानाला विचारलं, कुठून करून आणलं? नाना काही बोलायच्या आत तो स्वतःच म्हणाला, "तूच केलं वाटते! भल्लाच कारागीर निघाला गड्या तू." तेव्हापासून नाना कारागीर झाला. तो ओट्यावर वाद्य घ्यायचा, कुठे दुखतंय ते विचारायचा, आणि आत आणून माझ्यापुढे ठेवायचा. दार लोटलेलं असायचं. सुई तापल्याचा वास, चपड्याचा वास, दाराच्या फटीतून येणारी उन्हाची एक पट्टी आणि तीत उडणारी काळी भुकटी. माझे ते दिवस फार भरलेले होते.

नानाला ते टोचायचं. एकदा जेवता जेवता म्हणाला, "बाई, लोकायले सांगून टाकू काय?"

"काय?"

"का हे तू करत असते म्हनून."

"मंग कोनी आननार नाई," मी म्हटलं.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "माह्या नावावर जगून राह्यलं तुयं काम," तो म्हणाला, आणि उरलेली भाकर त्यानं खाल्ली नाही.

एका वर्षी पोहरादेवीच्या यात्रेत वाजवायला गेलेला नाना अंगात ताप घेऊन आला. पुढचं मी सांगत नाही. खोलीत निंबाचा पाला आणि कापराचा वास होता, आणि त्याची बोटं पांघरुणावर चाव्या दाबल्यासारखी हलत होती. मग हलायची थांबली.

तेराव्यानंतरही लोक यायचे. त्यांना कळलेलं नसायचं. ओट्यावर उभे राहून हाक मारायचे, "नारायनभाऊ!" मी दारात यायची. ते माझ्याकडे बघायचे आणि समजायचे. डोक्यावरची टोपी काढायचे. बगलेतली डबी तशीच बगलेत.

एकाला मी धीर करून म्हटलं, "ठेवून जा भाऊ. मी करून देईन."

तो भला माणूस होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी कायले तरास घेता ताई," तो म्हणाला, "नारायन गेला, कारागिरी गेली." आणि तो परत गेला. माझ्याच हातच्या गाद्या लावलेलं वाद्य बगलेत घेऊन तो रूळ ओलांडून जाताना मी पाहत राहिले.

नानाच्या क्लॅरोनेटला मी तेल लावायची. लाकडाला माणसाचा श्वास लागतो असं मास्तर सांगायचे, म्हणून दिवस मावळताना मी ते जोडायची आणि फुंकायची. मला गाणं येत नव्हतं. दुरुस्ती झाल्यावर हवा जाते का ते बघायला जेवढे सूर काढतात, तेवढे येत होते. एकामागून एक, खालून वर, वरून खाली. पलीकडच्या बाई भिंतीआडून म्हणाल्या, "काहून वं, घरात एकटीनं बाजा फुंकून राह्यली? बरं दिसते काय?" मग मी वाद्याचं खालचं टोक वळकटीत खुपसून फुंकायची. आवाज तिथेच मुरायचा.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. काही वर्षांनी चुलतभावानं मला अमरावतीला नेलं. त्याची पोरं मी वाढवली, त्यांच्या पोरांच्या गोधड्या शिवल्या. बँडांतून क्लॅरोनेट हळूहळू नाहीसं झालं. कुणी बंद केलं असं नाही, एकेक वाजवणारा गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. नानाचं वाद्य मी कामठीच्या एका वादकाला देऊन टाकलं, त्याच्या घरात ते वाजेल म्हणून. मास्तर तेव्हा नव्हते. चाचीही नव्हत्या. पडवीच्या जागी पक्की भिंत होती.

पण अमरावतीला जायच्या आधीची एक दुपार राहिली. रिकाम्या फलाटावर बसून मला आठवते ती तीच.

रिसोडचा एक म्हातारा वादक आला होता. सगळे त्याला महादूबुवा म्हणायचे. वाद्य धोतराच्या फडक्यात बांधलेलं. नाना गेल्याचं त्याला ओट्यावरच कळलं. तो मटकन खाली बसला आणि मोठ्यानं रडला, पोरासारखा. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "आता हे कोन करन?"

"मी करीन," मी म्हटलं. वाटलं, हाही टोपी काढेल.

"तुमी?"

"मांगच्या खेपेलेबी मीच केलं होतं, बुवा. खालच्या चावीची सुई तुटली होती. जुन्या गाद्या उंदरानं खाल्ल्या होत्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या बोटांकडे. नखांच्या कडेला काळी भुकटी कायमची बसलेली असायची. त्यानं फडक्याची गाठ सोडली.

"मंग इतले दिवस सांगतलं काहून नाई?"

"कोनी इचारलंच नाई."

त्या दिवशी मी दार लोटलं नाही. ओट्यावरच पोतं अंथरलं आणि उघड्यावर बसून काम केलं. गल्लीतून जाणारे थबकले, बघून पुढे गेले. पलीकडच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. महादूबुवा निंबाच्या सावलीत बसून होता. काम झालं तेव्हा त्यानं वाद्याच्या मुखाशी असते ती वेताची पत्ती ओली केली, वाद्य तोंडाला लावलं आणि पोरीच्या पाठवणीचं एक जुनं गाणं वाजवलं, पूर्ण, घाई न करता. वाजवून झाल्यावर वाद्य पुन्हा फडक्यात बांधलं.

"रिसोडात लोक इचारतीन," तो म्हणाला, "कारंज्यात आता कोन करते म्हनून. काय सांगू?"

"नारायनची बहीन म्हना."

"थे झालं. नाव काय तुमचं?"

मी सासरी गेले तेव्हा माझं नाव बदललं होतं. परत आले तेव्हा मला कुणी कोणत्याच नावानं हाक मारली नाही. नाना बाई म्हणायचा, गल्ली नानाची बहीण म्हणायची, कामठीला मी बेटी होते. माझं आईबाबांनी ठेवलेलं नाव मी स्वतःच्या तोंडानं उच्चारून किती काळ झाला होता, मला आठवेना.

मी सांगितलं.

महादूबुवानं ते एकदा म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा म्हटलं, विसरू नये म्हणून. वाद्य काखेला मारलं आणि तो मोटारस्टँडच्या रस्त्याला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मी ओट्यावर उभी होते. मग हत्यारं गोळा केली, पोतं झटकलं, आणि आत वळून "नाना, ऐकलं काय" म्हणायला तोंड उघडलं.